पोटाचा कारभार

ह्यूरॉन आणि मिशिगन ही दोन विस्तीर्ण सरोवरे उत्तर अमेरिकेत जेथे एकमेकांस भेटतात, तेथे मॅकिनॉ नावाचे एक लहानसे बेट आहे. आणि युरोपातील प्रतिष्ठित गृहस्थाच्या मस्तकावर बीव्हर नामक जलचर प्राण्याच्या लोकरीची टोपी असणे ज्या काळात अपरिहार्य मानले जाई, त्या एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या काळात ह्या बेटाला जे महत्त्व आले होते, ते त्याच्या आकाराच्या मानाने फारच मोठे होते. जॉन जेकब अ‍ॅस्टर ह्या धनाढ्य व्यापाऱ्याच्या अमेरिकन फर कंपनीची वखार येथे होती. हिवाळाभर अरण्यांतून आणि गोठलेल्या नद्यांच्या काठाने कातडी गोळा करीत हिंडणारे नावाडी बर्फ वितळले म्हणजे आपल्या होड्या हाकीत येथे येत, कंपनीच्या गुमास्त्यांपुढे गठ्ठे रुजू करीत आणि पुढच्या मोसमापर्यंत पुरेल एवढे सामान पदरात पाडून घेत. अन्नाचे पोटात काय होते, ह्या प्रश्नाशी ह्या बेटाचा संबंध यावा असे काहीही त्याच्या इतिहासात नव्हते. तो आला तो एका अपघाताने.

६ जून १८२२ रोजी कंपनीच्या दुकानात अशीच गर्दी लोटली असता कोणा एकाच्या हातातील छर्‍यांची बंदूक अवचित उडाली आणि दोन हातांच्या अंतरावर उभा असलेला अलेक्सी सँ मार्तँ नावाचा, कॅनडातील फ्रेंच वंशाचा तरुण नावाडी खाली कोसळला. डाव्या कुशीत तळहाताहून मोठी जखम, फासळ्यांचा चुरा, फुप्फुस आणि श्वासपटल फाटलेले, आणि जठरास पडलेल्या भोकातून सकाळची न्याहारी बाहेर वाहत असलेली, अशा अवस्थेत त्याला पाहावयास बेटावरच्या किल्ल्यातील लष्करी शल्यवैद्य विल्यम बोमाँट धावत आला, तेव्हा हा मनुष्य वाचेल असे त्यालाही वाटले नाही. बोमाँटने कोणत्याही विद्यापीठाची पायरी चढलेली नव्हती. व्हरमाँट प्रांतातील एका वैद्याच्या घरी उमेदवारी करून आणि पुढे लढाईच्या धुमश्चक्रीत हातपाय कापून तो आपला धंदा शिकला होता. आणि कदाचित त्यामुळेच असेल, ग्रंथाप्रमाणे जो मरावयास हवा होता त्या रोग्याला त्याने चिकाटीने जगविले. सतरा दिवसपर्यंत तोंडावाटे दिलेले सर्व अन्न जखमेतून बाहेर पडे, म्हणून गुदद्वारावाटे पोषण द्यावे लागले; मग पट्ट्या घट्ट आवळून अन्न आत टिकू लागले; आणि सुमारे दहा महिन्यांनी जखम भरून आली तरी जठराचे भोक मात्र बुजले नाही. जठराची कड त्वचेला चिकटून तेथे एक कायमची खिडकी राहिली, तिच्या आतल्या बाजूस कालांतराने एक घडी येऊन तिचा आपोआप पडदा झाला, आणि तो पडदा बोटाने सारला की जिवंत माणसाचे जठर उघड्या डोळ्यांनी दिसू लागले.

तेवढ्यात बेटावरील मुलकी अंमलदारांनी ह्या निर्धन रुग्णाचा खर्च सोसण्याचे नाकारले आणि त्याची रवानगी शेकडो मैल दूर त्याच्या जन्मग्रामी करण्याचे ठरविले. बोमाँटने त्याला आपल्या घरी नेले. हे कृत्य दयेचे होते की त्या खिडकीच्या लोभाचे, ह्याविषयी पुष्कळ चर्चा झालेली आहे. मला वाटते की आरंभी दया होती, आणि मग, जशी माणसाची रीत आहे, दयेच्या शेजारी लोभ येऊन बसला व हळूहळू त्याने तिला कोपऱ्यात सारले. तुटपुंज्या पगारावर कुटुंब पोसणाऱ्या लष्करी वैद्याने परक्या मनुष्याला दोन वर्षे घरी ठेवून त्याच्या जखमा धुवाव्यात, हे निव्वळ स्वार्थाने होण्याजोगे काम नव्हे.

ह्या खिडकीचे मोल समजण्यासाठी त्यापूर्वी विद्वानांची मजल कोठवर गेली होती हे पाहिले पाहिजे. अन्न शिजते असे प्राचीन ग्रीकांचे मत होते. सतराव्या शतकात यंत्रविद्येचा डंका वाजू लागल्यावर जठर अन्न दळते असे प्रतिपादणारा एक पंथ निघाला. फान हेल्मोंटसारख्या रसायनवाद्यांनी ते आंबते असे सांगितले. आणि ते केवळ कुजते असे म्हणणारेही होते. हा वाद शब्दांचाच राहिला असता. परंतु १७५२ साली रेऑम्यूर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने आपल्या पाळीव घारीला छिद्रांच्या धातुनळ्यांतून मांस गिळावयास लावले. घार न पचणारी वस्तू ओकून टाकते, ही तिची सवय त्याच्या उपयोगी पडली. परत आलेल्या नळीला ओरखडाही नव्हता आणि आतील मांस मात्र विरघळले होते. दळण्याचा सिद्धान्त तेथेच संपला. इटलीतील धर्मगुरू स्पालान्त्सानी ह्याने तर त्याही पुढे जाऊन मांस-पाव भरलेल्या कापडी पिशव्या आणि लाकडी नळ्या स्वतःच गिळल्या व यथाकाल त्या परत मिळवून तपासल्या. एडिंबरोच्या स्टीव्हन्स नावाच्या विद्यार्थ्याने १७७७ साली दगड गिळून दाखविण्याच्या खेळावर उपजीविका करणाऱ्या एका गृहस्थाला हाताशी धरले व त्याला अन्न भरलेले चांदीचे पोकळ गोळे गिळावयास लावले. पोटासाठी पोट भाड्याने देणारा हा पहिला माणूस, दुसरा अलेक्सी. १८२३ च्या अखेरीस विल्यम प्राउट ह्याने लंडनमध्ये जठररसातील आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्लच होय असे दाखवून दिले. तात्पर्य, रस आहे आणि तो अन्न विरघळवितो, एवढे कळून चुकले होते. परंतु तो रस केव्हा निघतो, किती निघतो, आणि तो निघावा असा हुकूम कोण सोडतो, ह्याविषयी सारा अंधारच होता.

आपल्याकडील वैद्यांनी ह्या प्रश्नाचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध दोन्ही आपल्या पद्धतीने हाताळले होते. जठराग्नी एक, भूताग्नी पाच आणि धात्वग्नी सात, असे तेरा अग्नी मानून त्यांत जठराग्नीला त्यांनी अग्रपूजेचा मान दिला; त्याच्या सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद अशा चार वृत्ती सांगितल्या, आणि त्यांतील मंदाग्नी तर आज कोणत्याही मराठी घरातील आजीच्या तोंडी असतो. वाग्भटाने अग्नीच्या सन्निध समान वायूची स्थापना करून अन्न घेणे, पचविणे, सारासार वेगळे करणे आणि पुढे ढकलणे ही कामे त्याच्याकडे सोपविली. म्हणजे पाचक आणि पाचकाचा नियंता हे दोन भिन्न असले पाहिजेत, ही जाणीव त्यात स्पष्ट आहे. तथापि ह्यावरून आमच्या पूर्वजांना सर्वच ठाऊक होते असा जयघोष करण्याची जी एक हौस आपल्यात बळावली आहे, तिला माझा पाठिंबा नाही. प्रश्न अचूक विचारणे ही थोरवी लहान नव्हे. पण उत्तर हे निराळे, आणि ते मिळविण्यासाठी कोणाच्या तरी पोटात डोकावावेच लागले.

बोमाँट डोकावू लागला तो १८२५ साली. १ ऑगस्टच्या दुपारी ठीक बारा वाजता त्याने रेशमी दोऱ्याला मसालेदार गोमांस, खारविलेले कच्चे डुकराचे मांस, खारविलेले कच्चे व उकडलेले गोमांस, शिळा पाव आणि कच्ची कोबी यांचे तुकडे थोड्या थोड्या अंतरावर बांधून ते त्या खिडकीतून आत सोडले, आणि अलेक्सीला नित्याच्या घरकामास धाडले. एक वाजता दोरा ओढून पाहिला, तो कोबी व पाव अर्धेअधिक नाहीसे झालेले, मांस जसेच्या तसे. दोन वाजता कोबी, पाव, डुकराचे मांस आणि उकडलेले गोमांस साफ पचून दोऱ्यावरून गळालेले. शास्त्राच्या इतिहासात ह्याहून दिमाखदार प्रयोग शेकड्यांनी सापडतील. पण घड्याळ, दोरा आणि एका गड्याचे पोट एवढ्या सामग्रीवर इतके स्पष्ट उत्तर क्वचितच कोणी मिळविले असेल. त्यानंतर तो रस नळीने काढून कुपीत घालू लागला. कुपी १०० अंश फॅरनहाइट उष्णतेच्या वाळूत ठेवून तिच्यातील मांस पोटातल्याप्रमाणेच, फक्त सावकाश, विरघळते हे त्याने पाहिले, आणि कधी कधी ऊब टिकावी म्हणून तीच कुपी अलेक्सीच्या काखेत अडकविली. रिकाम्या जठराच्या अस्तराला त्याने स्वतःची जीभ लावून पाहिली: आंबटपणाचा लवलेशही नव्हता. अन्न आत गेल्यावर मात्र सारे अस्तर लालसर होऊन त्यावर रसाचे बारीक बिंदू उभे राहत आणि ते निःसंशय आंबट लागत. म्हणजे रस सदैव साचून राहिलेला नसतो, तो प्रसंगानुसार निर्माण होतो, हे सत्य पहिल्याप्रथम जिभेने सिद्ध झाले.

ह्याच निरीक्षणांत आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या मते त्यांतील सर्वांत मौल्यवान ती हीच. अलेक्सी रागीट होता. मालकाने बोलावले की तासन् तास उताणे पडून पोटात नळ्या घालून घ्यावयाच्या, हे त्याला साहजिकच असह्य होई. आणि तो संतापला की जठराचा रंग बदलतो, पित्त उलटून वर येते व पचन मंदावते, असे बोमाँटने नोंदवून ठेवले. ज्वरात अस्तर कोरडे व लाल होते, आणि आठदहा दिवस दारू पिऊन मनुष्य बाहेरून ठणठणीत दिसत असताही आत चट्टे उठलेले असतात, हेही त्याला दिसले. मन आणि जठर ह्यांचे काही गूढ पत्रव्यवहार चालू आहेत, हे सुचविणारा हा पहिलाच दप्तरी पुरावा. आणि तो पुरविणारा संताप प्रयोगामुळेच आलेला होता, ही त्यातली विसंगती बोमाँटच्या ध्यानात आली होती असे दिसत नाही.

अलेक्सीने ह्या व्यवहाराला आपल्या परीने उत्तर दिले. १८२५ च्या शरदृतूत तो न सांगता निघून गेला, कॅनडात त्याने लग्न केले, मुले झाली, आणि पोटाला भोक असलेला हा मनुष्य हडसन्स बे कंपनीच्या नोकरीत पुन्हा होड्या हाकू लागला. बोमाँटने फर कंपनीच्या माणसांकरवी त्याचा तपास लाविला आणि १८२९ मध्ये तो सहकुटुंब मिसिसिपीकाठच्या फोर्ट क्रॉफर्ड येथे परत आला. तेथे लाकडे फोडावी, ओझी वाहावी, घरकाम करावे आणि बोलावणे आले की पोट उघडावे, असा त्याचा दिनक्रम होता. पुढे १८३२ साली दोघांत रीतसर करारनामा झाला: एक वर्षाची मुदत, अन्नवस्त्र, निवारा आणि १५० डॉलर, त्या बदल्यात मालक जाईल तेथे जावे आणि जठरावरील सर्व प्रयोगांस राजीखुशीने तयार असावे. वैद्यकाच्या इतिहासात प्रयोगास बसणाऱ्या मनुष्याशी झालेला असा लेखी करार त्यापूर्वी क्वचितच आढळेल, आणि आजचे विद्वान त्यात संमतीच्या तत्त्वाचा उगम पाहतात. लिहितावाचता न येणाऱ्या व दारिद्र्याने गांजलेल्या मनुष्याची संमती कितपत मोकळी असू शकते, हे ज्याने गावच्या सावकाराची खतपत्रे वाचली आहेत त्याला सांगावयास नको. अलेक्सीला लष्करात सार्जंटाच्या हुद्द्यावर दाखल करून त्याचा पगार सरकारी खजिन्यावर टाकण्याची युक्तीही ह्याच काळातली. १८३३ साली प्लॅट्सबर्ग येथे २३८ प्रयोग आणि त्यांवरून काढलेले ५१ निष्कर्ष असलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि सीमेवरचा हा अपदवीधर वैद्य युरोपात विख्यात झाला. पुढल्याच वर्षी अलेक्सी जो कॅनडात गेला तो पुन्हा आला नाही. बोमाँटची पत्रे, विनवण्या आणि पैशांच्या बोली जवळजवळ वीस वर्षे चालू राहिल्या. १८५३ मध्ये बर्फावरून घसरून झालेल्या दुखापतीने बोमाँट वारला, तोवर अलेक्सी त्याच्यापासून दूरच राहिला.

अलेक्सी त्याच्यानंतर सत्तावीस वर्षे जगला. १८८० च्या जूनमध्ये तो निवर्तला तेव्हा विल्यम ऑस्लर ह्या पुढे जगद्विख्यात झालेल्या वैद्याने त्याचे जठर वॉशिंग्टनच्या लष्करी संग्रहालयात ठेवण्यासाठी मिळावे म्हणून खटपट केली. पण कुटुंबीयांनी उन्हाळ्याच्या उष्म्यात प्रेत मुद्दाम कुजू दिले, इतके की अंत्यप्रार्थनेच्या वेळी पेटी चर्चच्या बाहेर ठेवावी लागली, आणि मग आठ फूट खोल खड्ड्यात ते पुरले. जिवंतपणी ज्या खिडकीवर त्याचा हक्क कधीच पुरता चालला नाही, ती मेल्यावर तरी त्यांनी बंद केली.

बोमाँटच्या मते रसाला हुकूम सोडणारे दुसरे कोणी नसून अन्न स्वतःच होते: अन्न अस्तराला टेकले, घासले, की रस पाझरतो. हे मत अर्धशतक टिकले आणि मग रशियाच्या राजधानीत ते कोसळले. रियाझान गावच्या एका धर्मोपदेशकाचा मुलगा, स्वतः पाठशाळेत धर्मशिक्षण घेतलेला इव्हान पाव्हलॉव्ह, १८८९ मध्ये शुमोव्हा-सिमानोव्हस्काया ह्या आपल्या सहकारिणीसह एक विलक्षण प्रयोग करून बसला. कुत्र्याची अन्ननलिका गळ्याशी छेदून तिचे तोंड बाहेर काढलेले, आणि जठरास नळी बसविलेली. कुत्रा अधाशीपणे मांस खातो, ते सारे गळ्यातून परत ताटलीत पडते, तो पुन्हा खातो, आणि जठरात अन्नाचा कणही गेलेला नसता पाचसहा मिनिटांच्या आत नळीतून स्वच्छ आंबट रस ठिबकू लागतो. मेंदूपासून जठराकडे उतरणाऱ्या व्हेगस नाड्या तोडल्या की कुत्रा तेवढ्याच आवडीने खाई, पण थेंब पडत नसे. उलटपक्षी, जठराचे अस्तर नुसते काडीने वा पिसाने घासल्याने काहीही होत नाही, हेही त्याने दाखविले. आता हुजुराचा पत्ता लागला असे वाटू लागले: भूक, वास, दर्शन आणि रुची ह्यांची वार्ता मेंदूला, आणि मेंदूचा हुकूम नाड्यांवाटे जठराला. ताटावर बसण्यापूर्वीच तोंडाला पाणी सुटते हे सर्वांस ठाऊक होते. त्याच वेळी पोटालाही ते सुटलेले असते, हे त्या कुत्र्यांनी शिकविले.

१८९० साली ओल्डेनबुर्गच्या राजपुत्राच्या आश्रयाने स्थापन झालेल्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत पाव्हलॉव्हला शारीरविद्येचा विभाग मिळाला, आणि तेथे त्याने जे उभे केले त्याला प्रयोगशाळा म्हणण्यापेक्षा कारखाना म्हणणे अधिक शोभेल. नाडी न तोडता जठराचा एक कोपरा शिवून वेगळा करण्याची शस्त्रक्रिया साधेपर्यंत कित्येक कुत्री बळी पडली; अखेर १८९४ च्या सुमारास जे एक जगले त्याचे नाव द्रुझोक, म्हणजे दोस्त, असे होते. ह्या छोट्या जठरात अन्न कधीच शिरत नसे, पण मोठ्या जठरात जे घडे त्याचे प्रतिबिंब त्यात पडे. आणि त्यावरून पावासाठी निघणारा रस सर्वांत तेज, दुधासाठी निघणारा सर्वांत सौम्य, मांसासाठी निघणाऱ्याची तऱ्हा निराळी, असे ज्याचे त्याचे वेळापत्रक तासातासाने लिहून काढले गेले. आणखी एक बाब सांगितली पाहिजे, कारण चरित्रकार तिच्यावरून घाईघाईने जातात: खोटे जेवण जेवणाऱ्या कुत्र्यांचा रस गाळून, बाटल्यांत भरून, अग्निमांद्यावरील औषध म्हणून विकला जाई, वर्षाला हजारो बाटल्या खपत, आणि त्या उत्पन्नातून प्रयोगशाळेचा मोठा खर्च भागे. १९०४ चे नोबेल पारितोषिक पाव्हलॉव्हला मिळाले ते पचनाच्या ह्याच कामाबद्दल; घंटेच्या आवाजाने लाळ गाळणारी जी कुत्री लोकांच्या तोंडी बसली आहेत, त्यांचा महिमा नंतरचा.

परंतु त्या पारितोषिकाच्या दोन वर्षे आधीच पाव्हलॉव्हच्या राज्याला तडा गेला होता. जठरातील आंबट रस लहान आतड्यात उतरताच स्वादुपिंड आपला रस सोडते, हे पाव्हलॉव्हच्या शाळेनेच शोधले होते आणि अर्थातच ते नाड्यांचे काम मानले होते. त्याचाच शिष्य पोपिएल्स्की, तसेच फ्रान्समध्ये वेर्थेमर व लपाज, ह्यांनी नाड्या तोडून पाहिल्या. तरीही रस येतच राहिला. पण प्रस्थापित सिद्धान्ताचा दरारा असा, की कोठेतरी एखादी स्थानिक नाडी शिल्लक असेल असे म्हणून तेही दारातूनच परत फिरले. १६ जानेवारी १९०२ च्या दुपारी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग ह्यांनी भुलीखालील कुत्र्याच्या आतड्याचे एक वेटोळे घेतले, त्याच्या यच्चयावत नाड्या तोडल्या, केवळ रक्तवाहिन्या राखल्या, आणि आत सौम्य आम्ल सोडले. स्वादुपिंडाने रस सोडला. जेथे नाडी नाही तेथून हुकूम गेला असेल तर तो रक्तावाटेच, असा निष्कर्ष स्टार्लिंगने तेथल्या तेथे काढला. आतड्याचे अस्तर खरवडून, वाळू व आम्लाबरोबर घोटून, गाळून ते कुत्र्याच्या मानेतील शिरेत टोचले, आणि काही क्षणांतच स्वादुपिंड पूर्वीहून जोराने पाझरू लागले. हे दोघे नुसते सहकारी नव्हेत, तर मेहुणे: बेलिसची पत्नी ही स्टार्लिंगची बहीण. एक शांत, श्रीमंत, बारकाव्यात रमणारा. दुसरा उतावळा आणि स्वप्नाळू. एकट्याला ती दुपार साधली असती की नाही, ह्याची मला शंका आहे.

त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटले आणि १९०५ साली अशा सर्व द्रव्यांसाठी स्टार्लिंगने हॉर्मोन ही संज्ञा प्रचारात आणली. पेशवाईत जरूर तेथे लखोटा घेऊन जासूद धावे आणि पुणे दरबाराचा निरोप परगण्याच्या कमाविसदाराला पोचे, तशीच ही व्यवस्था. भेद एवढाच की हा जासूद एकाच वेळी सर्व परगण्यांतून फिरतो, आणि ज्याच्या नावे लखोटा आहे तोच तो फोडू शकतो. शिवाय निरोप धाडणारा येथे हुजूर नसून खुद्द आतड्याचे अस्तर असते: आम्ल आले, ते मारावयास क्षार पाठवा, एवढाच मजकूर, क्षार येऊन आम्ल शमले की लखोटे आपोआप बंद. मागणी आणि पुरवठा ह्यांचा असा चोख हिशेब कोणत्याही फडणीसाने ठेवलेला मी वाचलेला नाही.

पाव्हलॉव्हने हा प्रयोग आपल्या प्रयोगशाळेत करवून पाहिला. तो खरा ठरताच बराच वेळ खोलीत निघून गेला आणि परत येऊन, ते बरोबर आहेत, सत्य शोधण्याचा मक्ता काही आपण घेतलेला नाही, अशा आशयाचे बोलला, असे त्याच्या शिष्याने लिहून ठेवले आहे. आयुष्यभराचे मत एका सकाळी सोडून देणे मोठेपणाचे खरे. पण त्यानंतर त्याने पचनाचा विषयच जवळजवळ सोडला, हेही खरे.

लंडनमध्ये मात्र ह्या कामाला वेगळाच हिशेब द्यावा लागला. डिसेंबर १९०२ मध्ये स्टार्लिंगने एका तपकिरी कुत्र्याच्या स्वादुपिंडावर शस्त्रक्रिया केली होती. २ फेब्रुवारी १९०३ रोजी तोच कुत्रा पुन्हा उघडून मग बेलिसच्या व्याख्यानात लाळग्रंथींच्या प्रयोगासाठी वापरला गेला. श्रोत्यांत बसलेल्या लिंड आफ हागेबी व शार्टाऊ ह्या दोन स्वीडिश स्त्रियांनी कुत्र्याला पुरती भूल नव्हती असे लिहिले, स्टीफन कोलरिज ह्या वकिलाने जाहीर सभेत तो आरोप केला, आणि बेलिसने अब्रूनुकसानीची फिर्याद लावली. खटला बेलिसने जिंकला. मिळालेले २००० पौंड त्याने कॉलेजच्या प्रयोगशाळेलाच दिले. पण १९०६ मध्ये बॅटर्सी ह्या श्रमिकांच्या वस्तीत त्या कुत्र्याचे स्मारक पाणपोईसह उभे राहिले, त्यावरील जळजळीत मजकुराने वैद्यकीचे विद्यार्थी खवळले, १९०७ च्या अखेरीस लंडनच्या रस्त्यांवर दंगली झाल्या, पुतळ्यावर रात्रंदिवस पोलिसांचा पहारा बसला, आणि १९१० च्या मार्चमध्ये नगरसभेने तो रातोरात हलविला. दोन्ही पक्षांचे म्हणणे वाचून माझे मत असे झाले आहे की बेलिस खोटे बोलत नव्हता आणि त्या दोघी निर्बुद्ध नव्हत्या. फार तर असे म्हणता येईल की सिक्रेटिन सापडले म्हणून त्या कुत्र्याची व्यथा कमी झाली नाही आणि ती व्यथा झाली म्हणून सिक्रेटिन खोटे ठरले नाही.

पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांचाही शेवट पोटानेच केला. रशियातील क्रांतीनंतरच्या दुष्काळात पेट्रोग्राडमध्ये माणसांनाच शिधा मिळेना, तेव्हा प्रयोगशाळेतील जनावरे उपासमारीने मेली. आणि जानेवारी १९२१ मध्ये लेनिनच्या सहीने फर्मान निघून पाव्हलॉव्ह व त्याच्या पत्नीला विशेष शिधा मंजूर करण्यात आला.

दरम्यान आतड्याच्या कारभारात तिसऱ्या सत्तेचा पत्ता लागला होता. बेलिस आणि स्टार्लिंग ह्यांनीच १८९९ मध्ये बाहेरच्या सर्व नाड्या तोडलेल्या आतड्यातही अन्नाचा गोळा मागून आवळत व पुढून सैल पडत शिस्तीने सरकतो, हे दाखविले होते. त्याच सुमारास हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन हा विद्यार्थी क्ष-किरणांचा शोध लागून वर्ष होते न होते तोच मांजरांना बिस्मथ मिसळलेले अन्न चारून जठराच्या लाटा पडद्यावर पाहू लागला होता, आणि मांजर घाबरले वा चिडले की त्या लाटा जागच्या जागी थिजतात असे त्याला आढळले. अलेक्सीच्या रागाविषयीची ती जुनी नोंद अशा रीतीने दुसऱ्या देहात पडताळून मिळाली. १९२१ मध्ये केंब्रिजच्या लँग्लीने आतड्याच्या भिंतीतील नाडीजालाला स्वतंत्र विभागाचा दर्जा दिला, कारण त्यातील पेशी अगणित आणि वरून येणारे तंतू त्यांच्या मानाने अगदीच मोजके. एवढ्या थोड्या दोरांनी हुजुराला तेथील बारीकसारीक कामे चालविता येणे शक्य नव्हते. मेंदू धोरण सांगतो, रक्तातील जासूद वर्दी देतात, आणि रोजचा बंदोबस्त आतडे आपल्या अखत्यारीत पाहते, असा हा त्रिविध कारभार आहे.

ह्या साऱ्या मंडळींत लंडनचा जॉन सिडनी एडकिन्स मला सर्वांत दुर्दैवी वाटतो. जठराच्या खालच्या टोकाच्या अस्तरातही असाच एक जासूद आहे आणि तो जठरालाच आम्ल सोडावयास सांगतो, असे त्याने १९०५ मध्ये जाहीर करून त्याला गॅस्ट्रिन हे नाव दिले. पुढे प्रत्येक ऊतीत सापडणारे हिस्टॅमीनही आम्ल वाढविते असे आढळले आणि एडकिन्सचे गॅस्ट्रिन म्हणजे तेच, असा निवाडा विद्वत्सभेने देऊन टाकला. त्याने फारसा प्रतिवाद केला नाही व तो विषयही सोडून दिला. १९६४ साली लिव्हरपूलमध्ये ग्रेगरी आणि ट्रेसी ह्यांनी डुकरांच्या जठरांतून, कसाईखान्यांतून ती गोळा करीत करीत, शुद्ध गॅस्ट्रिन वेगळे काढले, आणि ते हिस्टॅमीन नव्हते. एडकिन्स १९४० सालीच वारला होता.